पोट भरल्यावरची भूक

लठ्ठ माणसाला लहानपणापासून एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडांतून ऐकावं लागतं. आई म्हणते, डॉक्टर म्हणतात, लग्नघरात भेटलेले दूरचे काका म्हणतात : "जरा तोंडावर ताबा ठेव." सांगणाऱ्याच्या मनात काळजी असते, यात शंका नाही. पण या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ताबा ठेवणारा कुणीतरी आत धडधाकट बसलेला आहे आणि त्याने मनावर घ्यायचं तेवढं बाकी आहे, हे ते गृहीत. गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत मेंदूच्या अभ्यासातून जे पुढे आलं त्याने या गृहीताचा पाया हलवला आहे. सतत जास्त खाण्याने आणि वाढलेल्या वजनाने मेंदूत बदल होतात, आणि ते नेमके अशा भागांत होतात ज्यांच्या जोरावर माणूस "आता पुरे" म्हणू शकतो. दारूच्या किंवा अफूच्या व्यसनात मेंदूचं जे होतं त्याच्याशी या बदलांचं नातं जवळचं आहे. ते किती जवळचं, कुठे तुटतं, आणि ते समजल्यावर लठ्ठ माणसाशी आपण कसं वागावं, हा या पुस्तकाचा विषय.

भुकेचं मेंदूतलं ठिकाण शोधण्याच्या कामात एका भारतीय शास्त्रज्ञाचं नाव आधी घ्यायला हवं. आपल्याकडे ते फार थोड्यांना ठाऊक आहे, याची मला खंत वाटते. बाल कृष्ण आनंद १९५१ साली अमेरिकेत येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्याबरोबर काम करत होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग असतो. त्याच्या मधल्या भागाला इजा केली की उंदीर बेसुमार खाऊन फुगतात, हे १९४० साली हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी दाखवलं होतं. आनंद आणि ब्रोबेक यांनी बाजूच्या भागाला इजा केली, तर उलटंच घडलं. समोर अन्न असूनही उंदीर खाईनात आणि उपाशी राहून मरू लागले. पुढे आनंद दिल्लीला परतले आणि त्यांनी एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचा विभाग उभा केला. या दोन प्रयोगांतून जे चित्र तयार झालं ते अनेक वर्षं टिकलं : मेंदूत एक भुकेचं केंद्र, एक तृप्तीचं केंद्र, आणि फ्रिजमधल्या थर्मोस्टॅटसारखं एक चालू झालं की दुसरं बंद.

हे चित्र खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. आपल्या घरांत याचा पुरावा रोज मिळतो. जेवण होतं, ढेकर येते, आणि तरीही श्रीखंडाच्या वाटीकडे हात जातो. "पोट भरलं, पण मन भरलं नाही," असं आपण म्हणतो आणि पुढे जातो. पोट भरल्याची बातमी मेंदूला मिळालेली असताना हात का थांबत नाही, याचं उत्तर भूक-तृप्तीच्या केंद्रांकडे नव्हतं. ते सापडलं मेंदूच्या दुसऱ्याच वस्तीत.

१९५४ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि पिंजऱ्यातला दांडा दाबला की त्या तारेतून हलका विद्युतप्रवाह जाईल अशी सोय केली. तार विशिष्ट जागी असली, तर उंदीर दांडा दाबतच राहत. नंतरच्या प्रयोगांत तर ते तासाला हजारो वेळा दाबू लागले आणि भुकेले असतानाही अन्नाकडे फिरकेनासे झाले. या जागांना जोडणाऱ्या वाटेवर डोपामिन हे रसायन काम करतं, हे पुढे समजलं. कोकेन, निकोटिन, अल्कोहोल, अफूची द्रव्यं या सगळ्यांचे मार्ग वेगळे, पण ती सगळी शेवटी याच वाटेवर डोपामिन वाढवतात. ही वाट अर्थातच कोकेनसाठी तयार झालेली नाही. अन्न, पाणी, संभोग, पिल्लाची जवळीक अशा जगण्याला लागणाऱ्या गोष्टींकडे प्राण्याने पुन्हा पुन्हा वळावं म्हणून ती आहे. तेव्हा अन्नाचा व्यसनाशी संबंध जोडणं ओढूनताणून केलेलं नाही. त्या वाटेवर अन्न आधीपासून होतं, अमली पदार्थ नंतर घुसले.

डोपामिनला वर्तमानपत्रांत "आनंदाचं रसायन" म्हणतात. माझ्या मते या विषयात सगळ्यात जास्त घोटाळा या नावाने केला आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या डोपामिन पेशींचं काम प्रत्यक्ष नोंदवलं. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की त्या पेशी उसळत. पण रसाच्या आधी दरवेळी दिवा लागायला लागल्यावर काही दिवसांनी पेशी दिव्यालाच उसळू लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळाल्यावर शांत राहू लागल्या. दिवा लागून रस आला नाही, तर ठरल्या क्षणी त्यांचं काम नेहमीपेक्षाही खाली जाई. म्हणजे या पेशींना घोट मिळण्यापेक्षा घोटाची चाहूल महत्त्वाची. संध्याकाळी स्टेशनबाहेर पडल्यावर तळणाचा वास येतो, कढईत वडा सोडल्याचा आवाज येतो, आणि पाय आपोआप गाडीकडे वळतात. त्या वेळी खिशात हात घालायला लावणारी गोष्ट वड्याची चव नसते, कारण चव अजून जिभेवर आलेलीच नसते.

मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. गोड द्रावण तोंडात पडलं की उंदीर ओठ चाटतो. त्याच्या चेहऱ्यावरून त्याला चव आवडली की नाही हे ओळखता येतं. बेरिज यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलं. ते उंदीर अन्नाकडे जाईनासे झाले. कुणी भरवलं नसतं तर मेले असते. पण तोंडात गोड थेंब टाकला की पूर्वीसारखेच ओठ चाटत. आवड शाबूत होती, ओढ गेली होती. या दोन गोष्टी मेंदूत वेगळ्या आहेत हे समजलं की व्यसनी माणसाचं एक न उलगडणारं वागणं समजू लागतं. दारू पूर्वीसारखी लागत नाही, हे तो स्वतःच सांगतो. तरी तिच्याशिवाय राहवत नाही. तल्लफ वाढत जाते आणि सुख आटत जातं. रात्री सगळे झोपल्यावर फरसाणाचा डबा उघडून बसणाऱ्या माणसाला विचारा, चौथ्या मुठीची चव कशी होती. बहुतेकांना ती आठवतही नाही.

मग प्रश्न उरतो तो असा : अमली पदार्थ ही वाट जशी झिजवतात तशी ती अन्नानेही झिजते का?

२००१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतल्या जीन-जॅक वांग, नोरा व्होल्कोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशय लठ्ठ अशा दहा माणसांच्या मेंदूचं पेट स्कॅन केलं आणि इतर दहा जणांच्या स्कॅनशी ताडून पाहिलं. डोपामिनचा संदेश झेलणारे पेशींवरचे डी-टू नावाचे ग्राहक लठ्ठ माणसांत कमी दिसले, आणि त्यांच्यातही ज्याचं वजन जास्त त्याचे ग्राहक आणखी कमी. कोकेन, दारू आणि हेरॉइनच्या व्यसनी माणसांत व्होल्कोव यांना आधी असंच दिसलं होतं. पण यातून एक गोष्ट कळत नव्हती. ग्राहक जन्मापासून कमी, म्हणून माणूस जास्त खातो, की जास्त खाल्ल्यामुळे ते कमी होतात?

त्याचं उत्तर उंदरांत शोधता येत होतं. २०१० साली फ्लोरिडाच्या स्क्रिप्स संस्थेतल्या पॉल जॉन्सन आणि पॉल केनी यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. काही उंदरांना नेहमीचं खाद्य, काहींना दिवसातून एक तास चमचमीत खाणं, आणि काहींना जवळजवळ दिवसभर ते खाणं मोकळं. खाणं म्हणजे बेकन, सॉसेज, चीजकेक, चॉकलेट, केकवरचं क्रीम. सगळं दुकानात मिळणारं. ओल्ड्स-मिलनरच्या पद्धतीने त्या उंदरांच्या मेंदूत तार होती आणि सुखाची जाणीव व्हायला किती प्रवाह लागतो हे रोज मोजलं जात होतं. दिवसभर खाणाऱ्या उंदरांचं वजन वाढत गेलं, तसतसा लागणारा प्रवाहही वाढत गेला. पूर्वी जेवढ्याने समाधान होई तेवढं आता पुरेना. चमचमीत खाणं काढून घेतल्यावर दोन आठवडे झाले तरी ती पातळी खाली आली नाही. त्यांच्या मेंदूतले डी-टू ग्राहकही घटले होते. मग संशोधकांनी उंदरांना शिकवलं की अमुक दिवा लागला म्हणजे पायाला झटका बसणार. दिवा दिसताच साधे उंदीर आणि तासभर खाणारे उंदीर खाणं सोडून मागे सरत. दिवसभर खाणारे खातच राहिले. आणि चमचमीत खाणं बंद करून साधं खाद्य ठेवलं, तेव्हा त्यांनी त्याला तोंडच लावलं नाही.

दिवा लागलेला दिसतो आणि उंदीर खातच राहतो. डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवल्यावरही न थांबणाऱ्या माणसाला आपण बेफिकीर म्हणतो, कधी निर्लज्जही म्हणतो. त्या उंदराला कुणी निर्लज्ज म्हणणार नाही.

दुसरी कथा चरबीतून मेंदूला जाणाऱ्या निरोपाची आहे, आणि मला ती या विषयातली सगळ्यात सुंदर कथा वाटते. अमेरिकेच्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ साली जन्मजात लठ्ठ उंदरांचा एक वंश आढळला होता. त्यांच्या शरीरात काय कमी आहे हे १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने दाखवलं. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. "साठा भरलेला आहे" हा निरोप त्यातून मेंदूला मिळतो. त्या उंदरांत लेप्टिन तयारच होत नव्हतं. म्हणून चरबीचे थर असूनही त्यांचा मेंदू उपासमारीत जगत होता. तीन वर्षांनी केंब्रिजच्या सदाफ फारुकी आणि स्टीव्हन ओराहिली यांना हाच दोष दोन चुलत भावंडांत सापडला. मूळ पाकिस्तानी कुटुंबातली ही मुलं जन्मताना नेहमीच्या वजनाची होती. काही महिन्यांतच त्यांची भूक अशी वाढली की ती आवरणं घरच्यांना अशक्य झालं. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाल्यावर पहिल्याच मुलाची भूक ओसरली आणि वजन उतरू लागलं. आईबापांनी शिस्त लावली नव्हती म्हणून हे घडलं, असं आता कोण म्हणेल?

२००७ साली फारुकी यांनी याच आजाराच्या दोन किशोरवयीन मुलांना खाण्याची चित्रं दाखवत त्यांचं मेंदूचं स्कॅन केलं. लेप्टिन देण्याआधी, पोट भरलेलं असतानाही, खाण्याचं चित्र दिसलं की मेंदूतला डोपामिनचा तोच भाग उजळायचा ज्याच्याविषयी वर लिहिलं. लेप्टिन दिल्यावर तो फक्त उपाशी असताना उजळू लागला. म्हणजे आनंद-ब्रोबेक यांची भुकेची वस्ती आणि ओल्ड्स-मिलनर यांची ओढीची वस्ती एकमेकींना जोडलेल्या आहेत. पोट भरल्याची बातमी ओढीपर्यंत पोचली तरच हात थांबतो.

सर्वसाधारण लठ्ठ माणसात लेप्टिन कमी नसतं. उलट भरपूर असतं, पण मेंदू त्याला दाद देत नाही. असं का होतं याचं एक उत्तर सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली दिलं. उंदरांना चरबीयुक्त आहार सुरू केल्यावर अगदी थोड्या दिवसांत, वजन फारसं वाढायच्याही आधी, त्यांच्या हायपोथॅलॅमसमध्ये दाह आणि पेशींना झालेल्या इजेच्या खुणा दिसल्या. लठ्ठ माणसांच्या एमआरआयमध्येही तशाच खुणांचे संकेत मिळाले. इथे मला चरकसंहितेची आठवण होते. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाविषयी म्हटलं आहे की मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोठ्यात फिरतो, अग्नी चेतवतो, अन्न झपाट्याने जिरतं आणि त्या माणसाला पुन्हा खावंसं वाटतं. वायू आणि अग्नी हे स्पष्टीकरण त्या काळाचं आहे आणि त्याला आजच्या शरीरशास्त्राचा दाखला जोडायला मी जाणार नाही. पण निरीक्षण लखलखीत आहे. लठ्ठपणातूनच भूक जन्माला येते, हे त्या वैद्यांच्या नजरेने टिपलं होतं.

आता एक सावधगिरीची सूचना. ती दिली नाही तर हे पुस्तक प्रामाणिक राहणार नाही. उंदरांतली कथा जितकी सरळ आहे तितकी माणसांतली नाही. २००१ च्या त्या स्कॅननंतर इतर गटांनी तशीच मोजमापं केली. काहींना ग्राहक कमी दिसले, काहींना दिसले नाहीत. थोड्या जास्त वजनाच्या माणसांत चित्र आणखी धूसर आहे. २०२५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी पन्नास जणांना गोड, स्निग्ध मिल्कशेक पाजून डोपामिन मोजलं. सरासरीत ठळक वाढ दिसली नाही, माणसामाणसांत मात्र मोठा फरक दिसला. त्यामुळे "साखर म्हणजे कोकेनच" असं सांगणाऱ्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नये. भीती घालून कुणाचं खाणं सुटलेलं मी पाहिलेलं नाही, आणि खोटी भीती तर उलट फिरते.

माणसांवरचे भक्कम पुरावे वेगळ्या प्रकारच्या प्रयोगांतून आले, ज्यांत एकाच माणसाला काळाच्या ओघात पाहिलं गेलं. अमेरिकेत एरिक स्टाइस यांनी तरुण स्त्रियांचं सहा महिन्यांच्या अंतराने स्कॅन केलं. मधल्या काळात ज्यांचं वजन वाढलं त्यांच्या मेंदूचा मिल्कशेकला मिळणारा प्रतिसाद पहिल्यापेक्षा मंद झाला होता. जर्मनीत कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सडपातळ माणसांना आठ आठवडे रोजच्या जेवणाशिवाय एक छोटं पुडिंग दिलं गेलं. एका गटाच्या पुडिंगमध्ये चरबी आणि साखर भरपूर, दुसऱ्याच्या पुडिंगमध्ये उष्मांक तेवढेच पण चरबी-साखर कमी. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांच्या वजनात फरक नव्हता, पण पहिल्या गटाला कमी चरबीचं खाणं पूर्वीइतकं आवडेना आणि चमचमीत खाण्याला त्यांचा मेंदू जास्त जोरात प्रतिसाद देऊ लागला. वजनकाट्यावर काही दिसण्याआधी आवड बदलली होती. आणि ॲमस्टरडॅमच्या प्रयोगात, तोही २०२३ चाच, अन्नघटक नळीने थेट पोटात सोडले गेले, म्हणजे जिभेचा प्रश्नच नाही. सडपातळ माणसांच्या मेंदूने ते पोचल्याची नोंद घेतली, लठ्ठ माणसांच्या मेंदूने फारशी घेतली नाही. त्यांनी बारा आठवड्यांत दहा टक्के वजन उतरवल्यावर पुन्हा पाहिलं, तेव्हाही तो प्रतिसाद परतला नव्हता. वजन उतरवलेली माणसं पुन्हा का फुगतात, या जुन्या प्रश्नाचं एक उत्तर इथे आहे.

तर मग याला व्यसन म्हणायचं का? अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या डीएसएम-५ या निदानग्रंथात जुगाराला व्यसनांच्या प्रकरणात जागा मिळाली, अन्नाला मिळाली नाही. येल विद्यापीठात ॲशली गियरहार्ट यांनी २००९ साली एक प्रश्नावली तयार केली. ठरवलं त्यापेक्षा जास्त खाल्लं जातं का, कमी करायचे प्रयत्न फसले का, त्रास होतोय हे कळूनही चालू राहिलं का, असे व्यसनाचे निकष तिने खाण्याला लावले. विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही वजनदार आहे. दारू सोडता येते, अन्न सोडता येत नाही. आणि अन्नातलं नेमकं कोणतं द्रव्य व्यसन लावतं, ते कुणालाही बोटाने दाखवता आलेलं नाही.

माझं मत सांगतो. एखादं द्रव्य शोधत बसण्यापेक्षा मिश्रणाकडे पाहावं. २०१८ च्या एका प्रयोगात लोकांना सारख्याच उष्मांकांचे पदार्थ दाखवून ते किती पैसे मोजतील हे विचारलं गेलं. चरबी आणि कर्बोदकं एकत्र असलेल्या पदार्थांना लोक जास्त मोल द्यायला तयार होते, आणि मेंदूचा प्रतिसाद दोघांच्या बेरजेहूनही मोठा होता. निसर्गात ही जोडी क्वचित भेटते. फळात साखर असते, चरबी नसते. मांसात चरबी असते, साखर नसते. दोन्ही भरपूर असलेला ओळखीचा नैसर्गिक पदार्थ म्हणजे आईचं दूध. माणसाने मात्र ही जोडी घरोघरी आणली. शेव, चकली, बाकरवडी, गुलाबजाम, खारी, वेफर्स, क्रीमची बिस्किटं. आपल्या आज्यांनीही यातलं बरंच केलं, पण ते दिवाळीला, आणि करायला दोन दिवस मोडत. आज ते पाच रुपयांच्या पुडीत शाळेच्या दारात मिळतं. केविन हॉल यांनी २०१९ साली वीस माणसांना अठ्ठावीस दिवस रुग्णालयात ठेवून, चौदा दिवस कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि चौदा दिवस साधं अन्न हवं तितकं खाऊ दिलं. समोर ठेवलेल्या अन्नातली साखर, चरबी, मीठ, तंतू दोन्ही वेळा जुळवलेले होते. तरी कारखान्याच्या अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात गेली. तीच माणसं, तोच निग्रह, अन्न बदललं आणि हात बदलला.

उपाशी राहून याला उत्तर देता येईल असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे. प्रिन्स्टनमध्ये बार्टली होबेल आणि निकोल अव्हेना यांच्या उंदरांना साखरेची चटक लागली ती नुसत्या साखरेने नाही. रोज बारा तास उपाशी ठेवून मग साखरपाणी दिल्यावर लागली. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते तरुण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, रात्रंदिवस अन्नाविषयी बोलू लागले, आणि पोटभर खाण्याची मुभा मिळाल्यावर त्यांतल्या कित्येकांना पोट तुडुंब भरूनही समाधान होईना. "एकादशी दुप्पट खाशी" ही म्हण आपण चेष्टेने वापरतो. तिच्यात शरीराचं एक खरं वागणं नोंदलेलं आहे. दाबून धरलेली भूक परत येते तेव्हा सोबत ओढ घेऊन येते. म्हणून कडक डाएटच्या चक्रात वर्षानुवर्षं फिरणाऱ्या मुलींविषयी मला जास्त काळजी वाटते. त्या दर वेळी हरतात आणि दर वेळी दोष स्वतःला देतात.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांत जन्मलेल्या बाळांत याज्ञिकांना हेच दिसलं होतं : वजनाने लहान, पण त्या मानाने चरबी राखून असलेली. त्यामुळे "मी कुठे जाड आहे" म्हणून हे पुस्तक मिटवू नये. आपल्याकडे चरबी पोटाच्या आत आधी साठते आणि कपड्यांतून उशिरा दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. त्यासाठी धरलेली बॉडी मास इंडेक्सची रेषा २५ ची होती. आशियाई शरीरांसाठी धोका २३ पासून धरावा असं सुचवलं जातं.

२०२५ मध्ये वजनासाठीची नवी इंजेक्शनं भारतात आली आणि घरोघरी त्यांची चर्चा सुरू झाली. आतड्यातून सुटणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाची ती नक्कल करतात आणि मेंदूवरही काम करतात. ती घेणारी अनेक माणसं सांगतात की डोक्यात दिवसभर चालणारा खाण्याचा विचार थांबला. फ्रिजमध्ये काय उरलंय, चार वाजता काय खायचं, हा आवाज बंद झाला. हा आवाज इतरांच्या डोक्यात नसतोच, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. सेमाग्लुटाइडने दारूची तल्लफही कमी होते, असं २०२५ सालच्या एका छोट्या चाचणीत दिसलं. ओढीची वाट सामाईक आहे, याची ही आणखी एक खूण. पण औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं, हेही चाचणीतच नोंदलेलं आहे. औषध ओढ दाबून ठेवतं, मेंदू पूर्ववत करून देत नाही. हे डॉक्टरांनी पहिल्या इंजेक्शनच्या आधी सांगायला हवं, असं माझं ठाम म्हणणं आहे.

पुस्तकाची प्रकरणं क्रमाने वाचण्याची गरज नाही. मेंदूची रचना ज्यांना किचकट वाटेल त्यांनी दुसरं प्रकरण सोडून पुढे जावं. शाळेतल्या शिक्षकांनी मुलांच्या जाहिरातींवरचं प्रकरण जरूर वाचावं. आणि एक विनंती अशा वाचकांना, जे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिन्यांहून अधिक काळ, एकट्याने, पोट दुखेपर्यंत खातात आणि नंतर स्वतःचा तिरस्कार करतात. याला डीएसएम-५ मध्ये नाव आहे, तो आजार मानला जातो, आणि त्यावर मानसोपचार आणि औषधं दोन्ही आहेत. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाला हे जसं घडतं तसं सांगता येतं. त्यांनी ते आधी ऐकलेलं असतं. या उपचारांची माहिती शेवटच्या प्रकरणात आहे. ज्यांना तिची गरज आहे त्यांनी पुस्तक तिथून उघडावं, उंदीर आणि ग्राहक नंतर वाचता येतील.